खिळा न ठोकलेलं घर

समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून शकूताईंनी भिंतीला एकही खिळा ठोकला नाही. कॅलेंडरसाठी नाही, घड्याळासाठी नाही, नवऱ्याच्या फोटोसाठीसुद्धा नाही. फोटो कपाटावर टेकून उभा असे, घड्याळ बसक्या स्टुलावर, आणि आरसा जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. "भिंत मालकाची, वस्तू माझी," असं त्या म्हणत. "बदलीच्या नोकरीत पहिली हीच गोष्ट शिकले, बाई. खिळा मारला की तेवढा जीव तिथं अडकतो. जाताना उपटावा तर भोक राहतंय, अन् मालक भोकं मोजत बसतो."

शकूताई म्हणजे शकुंतला सोळंके. सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून नोकरी केलेल्या, मराठवाड्यातले निम्मे तालुके बदल्यांमध्ये पालथे घातलेल्या आणि निवृत्त होऊन शहरात, गारखेड्यात आमच्या समोर भाड्यानं आलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेर भोकरदनकडचं, शेतीवाडीचं. तिथं एक भाचा. शकूताई अंगानं बारीक, पण आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा.

आमचा फ्लॅट मात्र स्वतःचा. मी शाळेत भूगोल शिकवते, हे कंपनीत हिशेब बघतात, आणि दोघांच्या पगारावर कर्ज काढून आम्ही घराचं इंटिरिअर करून घेतलं होतं. फॉल सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, भिंतभर टीव्ही युनिट, एल आकाराचा मरून सोफा. काम झालं तेव्हा सगळ्या सोसायटीनं येऊन घर बघितलं होतं. कुणाकडे पाहुणे आले तरी त्यांना आमचा हॉल दाखवायला आणत. त्या कौतुकाची मला सवय लागली होती, आणि ती सवय मोडायला शकूताई आल्या.

त्यांचं सामान टेम्पोतून उतरत होतं तेव्हा मी गॅलरीत उभी होते. चीर गेलेल्या संगमरवराचं टेबल, बैठक नसलेली वेताची खुर्ची, एक लोखंडी ट्रंक, कान तुटलेली चिनी मातीची बरणी, पांढऱ्या इनॅमलचे दवाखान्यातले ट्रे. मी ह्यांना आत हाक मारून म्हटलं, "या बघा, समोर भंगारवाल्या राहायला आल्यात." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी चहाला बोलावलं. मी दारातच थांबले. तीच ट्रंक आता निळ्या ऑइल पेंटनं रंगवून खिडकीखाली ठेवलेली होती आणि तिच्यावर गुलमंडीच्या बाजारातून आणलेली साधी पट्ट्यांची सतरंजी घडी घालून टाकली होती. झाली बसायची जागा. वेताच्या खुर्चीला सुतळीची बैठक विणलेली. इनॅमलच्या ट्रेमध्ये पाणी आणि त्यात झेंडूची फुलं. धान्य मोजायच्या जुन्या पायलीत चमचे उभे होते. खिडकीच्या गजांना बांधलेला, बांबूच्या काड्यांच्या चिकाचा स्वस्तातला पडदा, त्यातून उन्हाच्या बारीक बारीक रेघा जमिनीवर. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहून ऊनसुद्धा त्यांच्याकडे चांगल्या बाजूनं येत होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

संगमरवरी टेबलाची चीर अगदी समोर, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी ठेवली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "शकूताई, हे टेबल फिरवून ठेवा ना. चीर भिंतीकडे जाईल."

"चीर पुढंच ठिवायची," त्या कप पुसत म्हणाल्या. "मागं ठिवली की आलेला माणूस शोधत बसतो. पुढं ठिवली की त्याला वाटतं, अरे, हे तर मुद्दामच केलंय."

मी हसले, पण घरी आल्यावर आमच्या टीव्ही युनिटच्या कोपऱ्यातला सुटलेला लॅमिनेट मला पहिल्यांदा खुपला. तो मी फुलदाणीमागे लपवला होता आणि बाहेरून येणारा प्रत्येक माणूस नेमका त्या फुलदाणीमागे बघतो, हेही त्याच दिवशी ध्यानात आलं.

पुढे त्या गावी गेल्या की कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे असे. अशाच एका दुपारी मी घरातून टेप नेला आणि त्यांचा हॉल मोजला. माझी खात्रीच होती की बिल्डरनं त्यांच्या बाजूला फूटभर जागा जास्त सोडली आहे. मग घरी येऊन आमचा मोजला. इंचाचा फरक निघाला नाही. मी तो टेप ह्यांच्या हत्यारांच्या डब्यात तळाशी टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. फरक निघाला असता तर किती बरं झालं असतं.

शकूताईंची वस्तू घरात आणायची एक पद्धत होती. शहागंजातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, जाफर गेटच्या आठवडी बाजारातून काहीही आणलं, तरी ते थेट आत जात नसे. आधी गॅलरीत. तिथं त्या वस्तूला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, पितळ असेल तर चिंच-मीठ, लाकूड असेल तर खोबरेल, आणि मग काही दिवस तसंच ठेवून द्यायचं. याला त्या 'दाखल करणं' म्हणत. "काल एक पानाचा डबा दाखल केलाय," किंवा "ती खुर्ची अजून दाखलच हाय, डिस्चार्जला वेळ हाय तिला." मी विचारलं, इतके दिवस कशाला? तर म्हणाल्या, "वस्तूला शेजार मानवतो का बघावं लागतंय. एखादी लई देखणी असती, पण घरात घेतली की बाकीच्यांना आजारी पाडती."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी नेमकी दिसे. सकाळी कुकर लावला की माझा पहिला हात खिडकीच्या पडद्याला जाई. आज काय दाखल झालंय? पितळेचं घंगाळ दिसलं की माझी पोळी करपे. जुन्या हिमरूच्या, वेलबुट्टीच्या कापडाचा तुकडा दोरीवर वाळताना दिसला की दिवसभर वर्गात मुलांवर चिडचिड होई. नद्या आणि त्यांची खोरी शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर तो तुकडाच असे.

याउलट त्या आमच्याकडे येत, सोफ्यावर बसत, चहा पीत आणि जात. "छान हाय," म्हणत, पण ते आज उकाडा हाय म्हणावं तशा आवाजात. नवीन पडदे लावले, छान हाय. भिंतीला टेक्श्चर करून घेतलं, छान हाय. माझी एवढीच इच्छा होती की एकदा, फक्त एकदा, त्यांची नजर माझ्या घरातल्या कशावर तरी अडावी. घरी गेल्यावर त्यांना ते आठवावं आणि थोडा तरी त्रास व्हावा. वर्षानुवर्षं मी या एका गोष्टीसाठी पैसे साठवत आणि घालवत आले.

शेवटी मी ठरवलं, आपणही जुनी वस्तू घ्यायची. त्यांच्याबरोबर शहागंजात गेले. मी चांगली साडी नेसून आणि त्या आपल्या नेहमीच्या सुती पातळात. दुकानं कसली, एकावर एक रचलेले पंखे, पलंगाचे पाय, घड्याळांची खोकी. एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात मला लाकडी कोरीव चौकटीचा भलामोठा आरसा दिसला. मी तिथंच खिळले.

"लेजाओ बाईसाब," चाचा म्हणाले. "कब से पड़ेला है, ऐसी चीज अब मिलती नइं."

"इतने दिन से पड़ेला है तो भाव इतना कायकू, चाचा?" शकूताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "बाई, नका घेऊ. याला मोकळी भिंत लागतीय. तुमच्याकडं भिंतीला श्वास घ्यायला जागा कुठं हाय?"

मला वाटलं, त्यांनाच हवा आहे. हट्टानं घेतला. दोन माणसांनी तो जिन्यातून वर चढवला, सोफ्याच्या वर लावला, आणि मी सीलिंगमधले दिवे लावले. आमचा हॉल केशकर्तनालयासारखा दिसायला लागला. हे संध्याकाळी आले, बूट काढता काढता आरशात बघून म्हणाले, "दाढी पण करून मिळेल का?" आमची लेक मुग्धा सोफ्यावर पडून पोट धरून हसत होती. त्या आठवड्यातच तो आरसा पलंगाखाली गेला. शकूताईंनी त्याबद्दल कधीही एक शब्द विचारला नाही, आणि त्यांचं ते न विचारणं मला सगळ्यात जास्त लागलं.

मुग्धा ही आमची एकुलती एक. खरं दुखणं तीच होती. कॉलेजातून आली की दप्तर आमच्याकडे टाकून ती समोर जायची. तिथं त्या निळ्या ट्रंकेवर पाय वर घेऊन बसायची, शकूताईंबरोबर पितळ घासायची, रविवारी त्यांच्यामागं बाजारात भटकायची. आमच्याकडे कोपराला ठेच लागते म्हणायची. एकदा तिच्या मैत्रिणी आल्या. मी सामोसे तळत होते. आतून ऐकू आलं, "चला, तुम्हाला एक भारी घर दाखवते." आणि सगळ्या चपला घालून समोर गेल्या. मी सामोशांची ताटली घेऊन माझ्या भारी घरात एकटी उभी राहिले.

मग मुग्धाला बघायला बीडहून पाहुणे यायचे ठरले. मुलाचं आणि तिचं फोनवर आधीच जमलेलं होतं, पण घरच्यांनी रीतसर येऊन बघायचं ठरलं. आदल्या दिवशी मुग्धा कपाट आवरता आवरता सहज म्हणाली, "आई, पाहुण्यांना समोर, मावशींकडे बसवू या का? तिकडे मोकळं वाटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला बघायला येतायत का त्यांच्या बरण्या बघायला?" मी म्हटलं. "या घरासाठी तुझ्या बाबांनी हाडाची काडं केलीत." मी सीलिंगचे सगळे दिवे तपासले, सोफ्याची कव्हरं बदलली, काचेचा नवा सेट काढला.

आणि झालं असं, की पाहुणे अर्धा तास आधी आले. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर दोन दारं. आमचं दार बंद, त्यावर स्टीलच्या वळणदार इंग्रजी अक्षरांत आमचं नाव, जे पोस्टमनलाही वाचता येत नाही, आणि बाजूला चपलांचं कपाट. समोरचं दार सताड उघडं. मुग्धाचा आज कार्यक्रम म्हणून शकूताईंनी स्वतःच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, चौकटीला खिळा न मारता, सुतळीनं. उंबऱ्यावर रांगोळी काढली होती आणि घंगाळात फुलं सोडली होती. मुलाचा मामा पुढे होता. त्याला कुठलं घर मुलीचं, याबद्दल शंकाच वाटली नाही. सगळे आत जाऊन बसले, आणि बाहेरून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचं, या सवयीनं शकूताईंनी कोण, कुठले विचारायच्या आत गूळ-पाणी पुढे केलं.

मग त्यांना उलगडा झाला. त्या तशाच आमच्या दारात आल्या. मी ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होते.

"बाई, पाहुणे माझ्याकडं बसलेत."

"म्हणजे?"

"चुकून आले. पाणी पिले, गूळ खाल्ला. आता उठवू कसं? बघायला आलेल्या माणसाला बसल्या जागंवरून उठवत नसतेत. आमच्याकडं लई वाईट मानतेत."

वाईट आमच्याकडेही मानतात. ह्यांचा चेहरा पडला. मुग्धानं माझ्याकडे बघितलं नाही, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं ते मी बघितलं. माझे पोहे, माझा काचेचा सेट, माझी मुलगी, सगळं मी माझ्या हातानं पॅसेज ओलांडून समोरच्या घरात नेलं.

मुग्धा तिथं ट्रंकेवर बसली. आमच्या सोफ्यावर ती अशी कधी बसलेली मला आठवत नाही, अशी निवांत, पाठ ताठ, चेहऱ्यावर त्या चिकाच्या पडद्याचं ऊन. माझीच मुलगी, आणि ती त्या घरात जास्त शोभत होती. मुलाची आई बोलता बोलता सगळीकडे बघत होती. टेबलाच्या चिरेवरून तिनं बोट फिरवलं. पायलीतले चमचे बघितले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घर बघितलं की माणसं कळतात. किती मन लावून मांडलंय तुम्ही."

मी तोंड उघडायच्या आत शकूताई बोलल्या. "व्हय, सगळा बाईंचाच हात हाय. मी आपली शेजारीण, पाणी द्यायला आले."

त्यांनी ते किती सहज दिलं. आयुष्यभराचं वेचलेलं, घासलेलं, पुसलेलं, एका वाक्यात माझ्या पदरात टाकलं, पसाभर शेंगा द्याव्यात तसं. मी गप्प बसले असते तर काही बिघडणार नव्हतं. सोयरीक तिथंच पक्की झाली असती. पण त्या घराचं कौतुक माझ्या नावानं ऐकणं मला सोसेना. लोकांनी माझ्या घराला चांगलं म्हणावं म्हणून मी तडफडत होते, आणि मिळत होतं ते दुसरीच्या घराचं.

"नाही," मी म्हटलं. "घर यांचं आहे. आमचं समोरचं. तुम्ही चुकून इकडे आलात."

पोहे खाणारे चमचे थांबले. ह्यांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मग मुलाचा मामाच मोठ्यांदा हसला. "अरे, मग पोहे कुणाचे खातोय आपण?" पोहे माझे होते. सगळे हसले, आणि चहाला आमच्याकडे आले. मुलाच्या आईनं सोफ्यावर बसून वर सीलिंगकडे बघितलं आणि म्हणाली, "हे पण चांगलंय की. प्रशस्त आहे." त्या 'हे पण'नं माझा पुढचा आठवडा खाल्ला.

लग्न ठरलं. विहीणबाई आजही लोकांना सांगतात, "मुलीची आई खरं बोलली, तिथंच आम्ही होकार दिला." मी त्यावर खालमानेनं हसते. माझ्या खरेपणात प्रामाणिकपणा किती आणि जळफळाट किती होता, हे त्या खोलीत एकाच माणसाला कळलं होतं, आणि ती व्यक्ती तेव्हा कप विसळत होती.

मुग्धा आणि जावई अनिकेत पुण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी म्हटलं, आमच्या डिझायनरला पाठवते, कपाटं करून घ्या, खर्च आम्ही करू. तर म्हणाली, "आई, भिंत मालकाची आहे. खिळा पण मारायचा नाहीये मला." माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडून शकूताई बोलत होत्या. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा, पण समोर. मी आमच्या दाराशी उभी राहिले की ऐकू यायचं, "मावशी, कपाट इथं ठेवलं तर?" "नको गं, दार उघडल्या उघडल्या कपाटाचं तोंड नको दिसायला. त्याला बाजूला लाजू दे." मग दोघी हसायच्या. मी आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवायची.

पुढे फ्लॅटचे मालक एकदा बायकोला घेऊन आले. बायको खोल्या बघत हिंडली आणि म्हणाली, "अहो, आपलं घर एवढं छान आहे, हे माहीतच नव्हतं." निवृत्तीनंतर इथंच राहायचं त्यांनी ठरवलं आणि शकूताईंना जागा सोडायला सांगितली. राहायला आल्यावर तीच बाई मला विचारत होती, "इथं आधी काहीतरी वेगळं होतं का हो? तेव्हा घर असं दिसत नव्हतं." मी म्हटलं, मला काही कल्पना नाही.

पण ते नंतर. निघायच्या दिवशी शकूताई माझा एक डबा परत द्यायला आल्या. रिकामा डबा द्यायचा नसतो म्हणून त्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्यांचं सामान एका टेम्पोत सकाळीच भरून झालं होतं; भिंतींवर एक ओरखडा नव्हता. भाच्याकडे निघाल्या होत्या. शहरात दुसरं भाड्याचं घर बघायला आता पायात बळ राहिलं नव्हतं, असं म्हणाल्या.

"एक विचारू, बाई? रागवायचं नाय."

"विचारा."

"माझं घर बघून तुमचा लई जळफळाट व्हायचा ना?"

छे म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या इतक्या शांतपणे बघत होत्या की खोटं बोलवेना. "व्हायचा," मी म्हटलं. "अजूनही होतो."

"मला ठावं हाय. तुमच्या खिडकीचा पडदा हलायचा. मी तर वस्तू मुद्दाम जास्तीचे दिवस दाखल ठिवायची. म्हटलं, बाईंचं बघून झालं नसंल अजून."

त्या डबा ओट्यावर ठेवून टेकल्या.

"छान छान म्हणणारे कुठं बी भेटतेत. चहा पितेत, छान म्हणतेत, जातेत. तुम्ही जीव लावून बघायच्या. एक वाटी इकडची तिकडं केली तरी तुम्हाला कळायचं. एकट्या बाईचं घर बघायला कुणीतरी लागतंय. नायतर रोज कशाला पुसायचं, अन् कुणासाठी?"

"आणि माझं घर?" मी विचारलं. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. "तुम्ही त्याच्याकडे कधी धड बघितलं सुद्धा नाही."

"तुमच्याकडं आले की मी मुग्धाला बघायची," त्या म्हणाल्या. "मग दुसरं काय दिसतंय?"

हे ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं. मला आधी वाटलं ते असं, की म्हणजे सोफ्याकडे खरंच बघितलं नव्हतं. मग त्या जिना उतरून गेल्या, लिफ्ट असूनही जिन्यानं, एकेक पायरी बघत, आणि मी ओट्यावरचा डबा हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते.

काही महिन्यांनी मुग्धा आणि अनिकेत भोकरदनला त्यांना भेटून आले. मुग्धा फोनवर म्हणाली, "आई, मावशींनी काहीच मांडलं नाहीये. सगळी गाठोडी तशीच बांधलेली आहेत. भाच्यानं खोली दिलीय, कॉट आहे आणि एक प्लास्टिकची खुर्ची. मी विचारलं तर म्हणाल्या, इथं कोण बघतंय. जेवण पण फार कमी झालंय."

खोटं कशाला सांगू, ऐकल्याबरोबर क्षणभर मला बरं वाटलं. आता त्यांचंही घर घर राहिलं नाही. आणि मग ते बरं वाटणं इतकं कडू लागायला लागलं की मी हातातली भाजी तशीच ठेवली आणि त्यांना फोन लावला.

"मी शनिवारी येते," मी म्हटलं. "घर बघायला."

"घर कसलं, बाई? एक खोली हाय."

"मग खोली बघायला येते."

"या," शकूताई म्हणाल्या.

शनिवारी एसटीनं गेले. भाच्याचं घर सिमेंटचं, अंगणात कपाशीची पोती. भाचेसून म्हणाली, "तुमचा फोन आल्यापासून आत्या बसल्याच नाहीत. गोठ्यातून काय काय उचलून आणलंय, कुणाला हात लावू देत नाहीत."

मी खोलीत गेले. गाठोडी सुटलेली होती. कॉट खिडकीपासून दूर ओढून अशी ठेवली होती की उशीवर डोकं ठेवलं की बाहेरचं फक्त शेत दिसावं, पोती नाहीत. पाण्याचा निळा प्लास्टिकचा ड्रम आत आला होता आणि त्यावर हिमरूचा तुकडा असा टाकला होता की तो ड्रम आहे हे मला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं. भिंती कोऱ्या. शकूताईंनी खिडकी लोटून घेतली आणि कोपऱ्यातलं एक बटण दाबलं.

पेरणीच्या तिफणीवर बी सोडायचं एक लाकडी वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. तळाला भोकं असतात, त्यांतून बी नळ्यांमध्ये उतरतं. भाच्याच्या गोठ्यात ते कधीपासून पडून होतं. ते तेल लावून, पुसून त्यांनी जमिनीवर ठेवलेल्या बल्बवर उपडं घातलं होतं. त्याच्या भोकांमधून उजेडाचे गोल छतावर पडले होते, एकमेकांना जरासे चिकटून. आमच्या सीलिंगमध्ये कर्ज काढून लपवलेले दिवे मला आठवले.

मी कॉटवर बसले आणि बघत राहिले. मी खरं तर त्यांचं मन राखायला जळायचं ठरवून आले होते, वेळ पडली तर तसं नाटकही करणार होते. त्याची गरजच पडली नाही. माझ्या पोटात तसंच, जुन्यासारखं, खोल दुखायला लागलं. हे मला का सुचत नाही? मेलं गोठ्यातलं लाकूड, आणि मला का नाही दिसत? माझं तोंड पडलं असणार, कारण शकूताई छताकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बघा, बघा निवांत," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

दुपारी आम्ही एकत्र जेवलो. त्यांनी भाकरी मागून घेतली, वर ठेचा घेतला, आणि भाचेसुनेनं माझ्याकडे बघून डोळे पुसले. मला मात्र घास जात नव्हता. निघताना त्या एसटीपर्यंत आल्या.

"आता परत कधी येताल?"

"तुम्ही काही नवं दाखल केलंत की फोन करा. लगेच येते."

"करते," त्या म्हणाल्या.

पुढचे काही आठवडे मी त्या फोनची वाट बघत होते. फोन आला तो मुग्धाचा. ती हुंदके देत होती. शकूताई पहाटे झोपेतच गेल्या, आणि भाचेसुनेनं आधी तिला कळवलं होतं. मी ओट्याला टेकून रडले, आणि इतकं रडतानाही मला खुपत एवढंच होतं की पहिला फोन मला का आला नाही.